वही नंबर नऊ

फरीदाबाद
रविवार, २२ डिसेंबर २०२४

सुधन्वा,

आपण शेवटचं बोललो त्याला आज सोळा महिने आणि दोन दिवस झाले. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर माझ्या मेसेजपुढे एकच टिक येऊन बसते. म्हणून कागद. नाशिकचा पत्ता प्रभानं तुझ्या नीरजाकडून मिळवला. पोरीला रागावू नकोस, काका आजारी आहेत असं सांगून मिळवलाय.

आजारी नाही. काम आहे. वही नंबर नऊ तुझ्याकडे राहिली. एक ते आठ माझ्या कपाटात आहेत, क्रमानं. नववी, १ एप्रिल २०१९ ते २० ऑगस्ट २०२३, त्या रविवारी तुझ्या झोळीतच गेली. मी सिरसालीच्या बनीवर पुस्तक करायला घेतलंय. चौदा वर्षांच्या नोंदींत एक वही नसली तर समोरचा दात पडल्यासारखं दिसेल. कुरिअरनं पाठव, जाड पाकिटात. कोपरे दुमडता कामा नयेत.

पहिला परिच्छेद असा केलाय, बघ: 'फरीदाबादहून गुरुग्रामकडे जाताना अरवलीच्या टेकड्यांत सिरसाली हे गुर्जरांचं गाव लागतं. गावामागच्या दरीत बाबाच्या नावानं राखलेलं रान आहे. त्याला बनी म्हणतात. आपल्याकडची देवराई. या रानातून वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, असा दंडक आहे. म्हणून दिल्लीच्या एवढ्या जवळ अजून धौची झाडं उभी आहेत आणि त्यांच्याखाली पट्टेरी तरस राहतं.' धौ म्हणजे आपल्या धावड्याचा चुलतभाऊ, हे तळटीपेत देईन.

मनोगतात आपली पद्धतही लिहिणार आहे. रानात तू लिहायचं, घरी मी तपासायचं, लाल पेनानं. कारखान्यात छत्तीस वर्षं मी हेच करतोय. ऑपरेटर मशीनवर जॉब म्हणजे सुटा भाग काढतो, इन्स्पेक्टर माप घेतो. मंत्रालयातला सेक्शन ऑफिसर बारावी नापास माणसाचा ऑपरेटर झाला आणि त्यानं कधी कुरकुर केली नाही, हे मी लिहीन. प्रामाणिकपणे लिहीन. फक्त तरसाच्या नोंदी करताना तुला काय व्हायचं कोण जाणे. एरवी मोत्यासारखं अक्षर, आणि तिथं कोंबडीनं पाय ओढल्यासारखं. आकडेही चुकलेले. मी किती ओरडलो असेन तुझ्यावर! ते नाही लिहिणार.

बनीतली निसर्गवाट छान चाललीय. तू बघायला थांबला नाहीस. शनिवार-रविवारी दीडशे माणसं येतात. दाराशी लाकडी फलक आहे, त्यावर सगळ्यात खाली माझं नाव आहे: दत्तात्रय, मानद निसर्ग सल्लागार. अक्षरं अडीच इंची.

तरसं हल्ली दिसत नाहीत. जागा बदलली असावी.

वही पाठव.

कळावे,
दत्तात्रय


फरीदाबाद
रविवार, १२ जानेवारी २०२५

सुधन्वा,

तीन आठवडे झाले. कुरिअरवाल्याची वाट बघून प्रभा कंटाळली. म्हणाली, "तुम्ही माफी मागितली का त्या पत्रात?" मी म्हटलं, कसली? ती डाळीला फोडणी देत राहिली.

तर त्या रविवारचं मी मला आठवतं तसं लिहितो. तुला वेगळं आठवत असेल तर कळव.

निसर्गवाटेच्या कंपनीचा केतन आपला नकाशा न्यायला आला होता. तुला तो आवडला नाही, पण पोरगा वाईट नाही. द्वारकेत वाढलेला, करोल बागेतल्या गणपतीत भेटला तेव्हा मोदकाला मोमो म्हणाला, तरी मराठीत बोलायची खटपट करतो. "काका, बिल्कुल टेन्शन नका घेऊ, आपण फॉरेस्टला वाचवणारच आहोत. पण गावाला पण खायला पाहिजे ना यार." यात चूक काय होतं? कोर्टानं खाणी बंद केल्यापासून सिरसालीच्या माणसांनी काय केलं? गुरुग्रामच्या सोसायट्यांच्या दाराशी वॉचमन म्हणून उभे राहिले. वाट झाल्यावर चौदा जण वाटाडे झाले. शेळ्या राखणाऱ्या लिखीराम ताऊची सून संतरा, जी आपल्याला चौदा वर्षांत पदराआडून पाण्याचा लोटा पुढे करण्यापलीकडे कधी दिसली नाही, ती आज वाटेच्या तोंडाशी बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी विकते, आणि गिऱ्हाइकानं ताटात टाकलं तर चारचौघांत झापते. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. रानाला कोणी हात लावू नये असं वाटत असेल तर रानाशेजारच्या माणसाच्या ताटात काहीतरी पडलं पाहिजे. हे मीच तुला कट्ट्यावर बसून सांगायचो आणि तू मान हलवायचास.

कट्टा तसाच आहे. दोन खडक, वर सपाट शिळा, भोवती अकरा धौ. गेल्या रविवारी मी तिथं एकटाच डबा खाल्ला. प्रभा अजून दोघांच्याच पोळ्या देते.

तर नकाशा. चौदा वर्षांचा. प्रत्येक पाणवठा, घुबडाची ढोली, सायाळीचं बीळ, आणि तरसाची गुहा, अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांसकट. केतननं गुंडाळी उघडली, आणि तू त्याच्यासमोर गुहेवर बोट ठेवून म्हणालास, "दत्तोपंत, हा एक आकडा चुकव." मी म्हटलं, म्हणजे? तू म्हणालास, "खोटा लिही. तीनशे मीटर बाजूला सरकव."

सुधन्वा, माझ्याकडे डिग्री नाही. विद्यापीठातली माणसं माझ्याकडे बघतात ती कारखान्याचा निळा डगला आधी बघतात. दर्यागंजच्या रविवारच्या बाजारात जुनी पुस्तकं घेऊन, एका हातात डिक्शनरी धरून मी पक्षी शिकलो. माझ्याजवळ आहे काय? एकच. मी लिहिलेला आकडा बरोबर असतो. आणि तू, ज्याला हे माहीत आहे, तो परक्या पोरासमोर मला म्हणतोस, खोटा लिही.

म्हणून मी बोललो. "हा नकाशा आहे, तुझं ऑफिस नाही, साहेबाला हवे तसे आकडे फिरवायला." हे मी बोललो हे मला मान्य आहे. तुझी नोकरी संपायला चाळीस दिवस होते आणि त्या नोकरीत तू कधी आकडा फिरवला नाहीस, हेही मला माहीत आहे.

तू झोळी उचललीस आणि गेलास.

बाकी ठीक. डिसेंबरात थंडी फार पडली. तरसाची दोन पिल्लं दगावली. थंडीनं. मार्चमध्ये समिती येणार आहे, निसर्गवाटेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी. त्याआधी वही माझ्याकडे असलेली बरी.

दत्तात्रय


फरीदाबाद
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

सुधन्वा,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन फाडली.

पुस्तक नाही. एक पान लिहिलं होतं, ते तुला पाठवलं तेवढंच.

पिल्लं थंडीनं गेली नाहीत.

केतनच्या कंपनीनं फोनसाठी नकाशा केला होता. येणाऱ्यानं तो उघडायचा, वाट बघायची, झाडांची नावं वाचायची. माझ्याकडून घेतलेले सगळे ठिपके त्यात होते. गुहेचा ठिपका फक्त समितीच्या फायलीसाठी, लोकांना दिसणार नाही, असं ठरलं होतं. मी लेखी घेतलं होतं, कागद आहे माझ्याकडे. नोव्हेंबरच्या शेवटी त्यांनी नकाशा नवा केला आणि सगळे ठिपके चालू राहिले. केतन म्हणाला, "काका, एक बटन होतं. कोणाच्या लक्षातच नाही आलं." तरसाचं छोटं चित्र, आणि त्यावर बोट ठेवलं की बाण दाखवतो: इकडे.

९ डिसेंबर, सोमवार. मला सुट्टी होती. सकाळी सात दहाला पोचलो. वास आधी आला. गुहेच्या तोंडाशी जळकं गवत होतं आणि सुतळी बॉम्बचे कागद. दोन दिवस आधी कोणीतरी पिल्लांचा व्हिडिओ टाकला होता, तो फोनाफोनी फिरला. रविवारी संध्याकाळी सहा-सात जण आले. गुरुग्रामचे असतील, दिल्लीचे असतील, कोणी नावं घेतली नाहीत. पिल्लं बाहेर येईनात म्हणून धूर केला.

दोन होती आत. मी आडवा होऊन हातानं ओढून काढली. एक एकेचाळीस सेंटिमीटर, एक साडेएकोणचाळीस. मी मोजली, सुधन्वा. काय करावं ते सुचेना, तेव्हा मी खिशातून टेप काढली आणि मोजली. मग बसलो.

सरळ गुहेच्या तोंडाशी पोचले ते. चुकले नाहीत, फिरले नाहीत. माझा आकडा तीन मीटरच्या आत बरोबर होता. तीनशे मीटर चुकला असता तर दगड बघून शिव्या देत परत गेले असते. ही एवढीच गोष्ट मी रोज कारखान्यात मशीनसमोर उभा राहून परत परत मोजतो.

पुढचं ऐक. प्रकल्पाचा अहवाल आला. त्यात लिहिलं होतं: सदर गुहा २०२१पासून वापरात नव्हती, पिल्लं बाहेरून भटकत आली असावीत, मृत्यू नैसर्गिक. सल्लागाराच्या सहीची जागा होती. केतन म्हणाला, "काका, नाहीतर वाट बंद होईल. चौदा घरं आहेत. संतराभाभी आहे. तुम्हीच विचार करा." मी विचार केला. फलकाचाही केला, खोटं कशाला बोलू. सही केली.

जो माणूस तरस वाचवायला एक खोटा आकडा लिहीना, त्यानं स्वतःला वाचवायला अख्खं खोटं पान सही करून दिलं.

वही नऊमध्ये २०२१नंतरच्या गुहेच्या जिवंत नोंदी आहेत. तारखेसकट. तुझ्या अक्षरात, माझ्या लाल शाईत. म्हणून ती मला हवी होती. जाळणार होतो. आता तुला ती समितीला पाठवायची असेल तर पाठव. मी अडवणार नाही. पत्ता मागे लिहिलाय.

लिखीराम ताऊ माझ्याशी बोलत नाही. त्या दिवशी तो शेळ्या घेऊन वरून आला, पिल्लं बघितली, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "तन्ने बताया।" तूच सांगितलंस, असं. विचारलं नाही त्यानं. सांगितलं.

दत्ता


फरीदाबाद
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

सुधन्वा,

वही शुक्रवारी मिळाली. पाकिटात चिठ्ठी नव्हती. उलटसुलट करून बघितलं, पाकीट फाडून आतून बघितलं. नुसती वही, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. कोपरे सरळ.

पत्रात मी जाळीन म्हटलं होतं आणि तरी तू ती पाठवलीस. याचा अर्थ काय लावायचा ते मला दोन दिवस कळलं नाही. प्रभा म्हणाली, "आधी वाचा तरी."

वाचली. पहिल्या पानापासून, नोंदीमागून नोंद. तू लिहिलेलं काळं, मी तपासलेलं लाल. मोर, नीलगाय, पाणवठा, सगळीकडे तुझं सुरेख अक्षर, आणि समासात माझी छोटी बरोबरची खूण. चार वर्षं चार महिन्यांत एवढ्या मोठ्या वहीत तुझ्या चुका किती? मी मोजल्या. सतरा. आणि सतराच्या सतरा तरसाच्या गुहेच्या.

मी पेन खाली ठेवलं.

सतराही वेळा एकच चूक आहे. तू गुहेची जागा लिहिली आहेस आणि दर वेळी ती दरीच्या पलीकडे, पाण्याच्या डाव्या अंगाला येते. मी दर वेळी छाटली आहे आणि वर लाल शाईत बरोबर आकडा लिहिला आहे. त्यातल्या एकाखाली 'काय हे? डोळे तपास!' असंही लिहिलंय. मी तुझा सतरा वेळा लिहिलेला आकडा नकाशावर ठेवून बघितला. कट्टा. आपला कट्टा.

आणि अक्षर. मी ते भिंग घेऊन बघितलं. रेघा उलट्या बाजूला कललेल्या, शाई पुसटलेली, कारण हात लिहिल्यावरून सरकलाय. ते घाईचं अक्षर नाही. कड्यावर बसून लिहिलेलंही नाही. ते डाव्या हाताचं आहे.

२००९ मला शब्दन् शब्द आठवलं. आपण पहिल्यांदा सिरसालीला गेलो, लिखीराम ताऊला विचारलं, जरख कुठं राहतो? तरसाला ते जरख म्हणतात. त्यानं पूर्वेच्या टेकडीकडे बोट केलं. आपण तीन तास उन्हात काट्यांत फिरलो, काही नाही. तू हसत होतास, मी चिडलो होतो. मग मी पावलं काढत काढत पश्चिमेला गुहा शोधलीच, आणि येऊन त्याला ठणकावून सांगितलं. तो बिडी पेटवत म्हणाला, "मिल गई? अच्छा। अब उलटा हाथ भी सीख ले।" मग त्यानं समजावलं. व्यालेलं जनावर कुठं आहे हे बाहेरच्यानं विचारलं तर नाही म्हणायचं नाही, तो शोधतच बसेल. जागा दाखवायची, दुसरीच. आणि डाव्या हातानं दाखवायची. गावचा माणूस जवळ असेल त्याला कळतं की हे खरं नाही, मध्ये बोलायचं नाही. विचारणाऱ्याला हात कुठला हे दिसतच नाही, तो बोटाच्या पुढे बघतो.

मी म्हटलं होतं, हा शुद्ध खोटारडेपणा आहे. तू शिकलास.

आणि मला कधी सांगितलं नाहीस. का, ते मला कळतंय. सांगितलं असतंस तर मी वाद घातला असता आणि जिंकलोही असतो. म्हणून तू सतरा वेळा चार शब्द ऐकून घेतलेस. डोळे तपास, अक्षर सुधार, सेक्शन ऑफिसर झालाच कसा. माझ्यासमोर तू तिला सतरा वेळा लपवलीस, आणि मी सतरा वेळा लाल शाईनं शोधून काढली. अठराव्या वेळी तू तोंडानं सांगितलंस, आणि मी तुझ्या नोकरीवर घसरलो.

वही जाळलेली नाही.

माफी मागायला योग्य वाक्य शोधतोय. मिळालं की लिहीन.

दत्ता


फरीदाबाद
रविवार, १६ मार्च २०२५

सुधन्वा,

बुधवारी समिती बसली. शाळेच्या वर्गात, सहा माणसं, केतन, सरपंच, मी. गावाकडून लिखीराम ताऊ, भिंतीला टेकून खाली बसलेला.

मी वही घेऊन गेलो होतो. आधी उभा राहून सांगितलं की डिसेंबरच्या अहवालावरची माझी सही खोटी आहे, गुहा वापरात होती, ही तारीखवार नोंद. अध्यक्षांनी वही हातात घेतली, दोन पानं उलटली, परत दिली. म्हणाले, "अब उसको छोड़िए। आगे की बात करते हैं।" इतकंच झालं. मी जिला महिनाभर जाळायला निघालो होतो, ती त्यांनी वाचलीही नाही.

पुढची बात म्हणजे मचाण. दुसरा टप्पा. वाटेवरच्या कॅमेऱ्यात जानेवारीत मादी दिसली होती, लंगडणारी, पुढच्या पायाला तीनच बोटं. तारेच्या फासात गेलेलं बोट, तुला माहीत आहे. तोंडात तिसरं पिल्लू होतं. म्हणजे ती आहे. नवी गुहा कुठं आहे, एवढंच त्यांना हवं. संरक्षणासाठी, म्हणाले. भोवती कुंपण, पाण्याचं टाकं, आणि नव्वद मीटरवर मचाण, काचेचं, तिकिटावर. केतन माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, तीन एजन्सीज ट्राय केल्या. कोणालाच नाही सापडली. तुमच्यासारखी ॲक्युरसी कोणाकडेच नाही."

खरं सांगू? मला बरं वाटलं. त्याही क्षणी. लाज वाटते लिहायला, पण वाटलं बरं.

मला ती जागा माहीत होती. फेब्रुवारीत दोन रविवार पावलं काढून मी गेलो होतो, तीन बोटांचं मोठं पाऊल आणि शेजारी लहान. आकडा लिहिलेला नव्हता, पण डोक्यात होता, दोन मीटरच्या आत.

फॉर्म पुढे आला. मी काही दिलं नाही तर ते शोधतच बसतील, कॅमेरे लावतील, अख्खी बनी पिंजून काढतील. गुहेला शोभेल अशी, खडक आणि पाणी दोन्ही असलेली दुसरी जागा बनीत एकच आहे. ती तू आधीच शोधून ठेवली होतीस. मी वही नऊ उघडली आणि तुझा आकडा उतरवला. काळा. पुन्हा तपासला, एक अंक चुकू दिला नाही.

आणि पेन डाव्या हातात घेऊन सही केली. वाकडीतिकडी आली. केतन म्हणाला, "काका, हात दुखतोय का?" मी म्हटलं, "हो रे. थोडा."

बाहेर आलो तर ताऊ चपला घालत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "राम-राम, दत्ता।" तीन महिन्यांत पहिल्यांदा.

तुला विचारायला हवं होतं. कट्टा दोघांचा आहे. विचारायला वेळ नव्हता, आणि विचारलं असतं तरी तू उत्तर दिलं नसतंस. काय होणार आहे तिथं ते मला माहीत आहे आणि तुलाही.

दत्ता


फरीदाबाद
रविवार, २९ जून २०२५

सुधन्वा,

तुझं पोस्टकार्ड मंगळवारी आलं. दोन शब्द. प्रभानं ते देवाजवळ ठेवलंय.

उत्तर द्यायच्या आधी इकडचं सगळं सांगतो. तू म्हणशील गोड लिहिलं, तसं नको.

मचाण झालं, नव्वद मीटर न मोजता थेट कट्ट्यावरच. दोन्ही खडक फोडले, सपाट शिळेवर लोखंडी खांब रोवले. अकराही धौ गेले. बनीतली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, म्हणून गावातल्या कोणी लाकूड नेलं नाही, ते तिथंच रचून ठेवलंय. ठेकेदाराची माणसं चहाला त्यातलं जाळतात. मी बुंध्यांचे घेर मोजले. सगळ्यात जाड एकशे बारा सेंटिमीटर. तोच, ज्याला तू पाठ टेकायचास. एवढा व्हायला धौला किती वर्षं लागतात ते आठ नंबरच्या वहीत आहे, इथं लिहवत नाही. एका झाडावर होल्याचं घरटं होतं. मी तरस वाचवायला खोटं बोललो आणि त्या खोट्याच्या जागेवरही कोणीतरी राहत होतंच. रिकामी जागा बनीत कुठंच नाही, हे मला सही करताना माहीत होतं.

पावणेतीन महिने कॅमेरे लावले होते. सायाळ आली, कोल्हा आला, ठेकेदाराचा कुत्रा आला. तरस नाही. लोक काचेमागे बसून तास-तास वाट बघतात आणि परत जाताना गार्डशी भांडतात. मे महिन्यात केतनचं पत्र आलं. मराठीत लिहिलं होतं, कोणाकडून तरी तपासून घेतलं असावं. सल्लागारांच्या माहितीत गंभीर त्रुटी आढळल्या आहेत, सबब आपली नियुक्ती. पुढचं तू समजशील, तुम्ही लोक असंच लिहिता. फलकावरच्या माझ्या नावावर हिरवा रंग मारलाय. एकच हात मारलाय, त्यामुळे उन्हात अक्षरं अजून दिसतात. विद्यापीठातल्या एकानं कुठंतरी लिहिलं म्हणे की हौशी माणसांच्या आकड्यांवर विसंबल्याचा हा परिणाम. छत्तीस वर्षांत माझा एक जॉब परत आला नव्हता. हा आला. मी प्रभाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग? आकडा चुकला का तुमचा?" मी म्हटलं, "नाही. जिथं जायचा होता तिथं बरोबर गेला." एवढं ऐकून ती कुकर लावायला उठली.

पण हे सगळं ज्यांच्या ताटातून गेलं ते मी नाही. मचाणावर प्राणी दिसत नाही हे पसरलं आणि वाटेवरचीही माणसं आटली. वाटाडे चौदाचे पाच झाले. नऊ जण परत गुरुग्रामला, दाराशी उभे. संतराची भाकरी बंद पडली. गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा ती चूल उकरून विटा टोपलीत भरत होती. पदर खाली, पहिल्यासारखा. मला बघून थांबली. तिला माहीत आहे, सुधन्वा. ताऊच्या घरात डावा हात सगळ्यांना कळतो. म्हणाली, "भाईसाब, जरख ने तो दूसरा घर देख लिया। हम कहाँ देखें?"

मी विटा उचलू लागलो तर म्हणाली, रहने दो.

त्या वाटेला वीस माणसं पुरली असती आणि गुहेचा ठिपका नसता तर कदाचित दोन्ही जगलं असतं, रान आणि तिची चूल. मी अजूनही तसंच मानतो. पण ते आता कोणाला मोजून दाखवता येणार नाही.

माफीचं वाक्य मला मिळालेलं नाही. वही नऊमध्ये मी एवढं केलंय: तुझ्या सतरा नोंदींसमोर, समासात, बरोबरची खूण. लाल शाईत. सतराही ठिकाणी. वर मी जे छाटलं होतं ते पुसता येत नाही, तसंच राहील.

आता तुझं पोस्टकार्ड. तू लिहिलंस, 'आहे का?'

आहे. परवा पावलं बघितली, ताजी, पावसाच्या पहिल्या चिखलात. तीन बोटांचं मोठं, आणि शेजारी दुसरं, आता लहान राहिलेलं नाही.

कुठं, ते तू विचारलं नाहीस. बरं केलंस. तू इकडे आलास आणि माझ्यासमोर उभा राहून विचारलंस, तरी मी मचाणाकडेच बोट करीन. कुठल्या हाताचं, ते तूच बघ.

दत्ता